एकशे तेराच्या पुढे

गणिताशी माझा पहिल्यापासून छत्तीसचा आकडा. आईला हे बोलणं मुळीच खपायचं नाही. "छत्तीसला कशाला नावं ठेवतेस? दोन, तीन, चार, सहा, नऊ, सगळ्यांशी पटतं त्याचं. भांडकुदळ तू आहेस," म्हणायची. तिने जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि उरलेला वेळ मला शिकवण्यात वाया घालवला.

बाजारातून येताना आमचा एक खेळ चालायचा. पावलं मनातल्या मनात मोजायची आणि तोंड उघडायचं ते फक्त मूळ संख्येला. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून जिला कुणीच पुरतं भागू शकत नाही, अशा संख्येला. चुकेल त्याने भाजीची पिशवी उचलायची. मी हटकून एक्क्याण्णवला फसायचे. "तेरा साते एक्क्याण्णव," आई म्हणायची आणि पिशवी माझ्याकडे यायची. या संख्या सुरुवातीला दाटीवाटीने येतात, पुढे विरळ होत जातात. कधी एकाआड एक दोघी भेटतात, कधी कितीतरी पावलं कुणीच नाही. "मग पुढची कधी येणार, ते कळायचं कसं?" मी वैतागून विचारायचे.

"चालायचं आणि भागून बघायचं. विरळ होतात, पण संपत नाहीत गं."

त्याच आईच्या डोक्यातली गाठ काढून आठवडा झाला होता आणि ती एक शब्द बोलली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी नाव विचारलं, वार विचारला, पेन दाखवलं. आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. "गाठ छान निघालीये," बाई मला म्हणाल्या, "पण विचार करता येतोय का, ते बोलल्याशिवाय कसं सांगू?" आई जिवंत होती, पण ती आईच होती की नाही, हे मला कळत नव्हतं.

आज तिला पहिल्यांदा चालवायचं होतं. व्यायाम करून घेणाऱ्या मुलीने तिला वॉकरला धरून उभं केलं. एका हातात लघवीची पिशवी आणि दुसरा आईच्या पाठीला लावून मी शेजारी. लांबलचक व्हरांड्यात नुकतीच फरशी पुसलेली, फिनेलचा वास.

"आजी, पावलं मोजा बरं. मोठ्याने!"

आईने एक पाऊल टाकलं. काही नाही. दुसरं टाकलं.

"दोन," ती म्हणाली. आवाज घोगरा, जड. "तीन." मग गप्प. "पाच." पुन्हा गप्प. "सात."

"चार राहिलं, आजी. सहापण राहिलं," मुलगी म्हणाली आणि माझ्याकडे बघून तिने हळूच मान हलवली. माझे मात्र कान टवकारले. अकराव्या पावलाला "अकरा" ऐकलं आणि मी ओरडलेच, "काही राहिलेलं नाही! बरोबर मोजतेय ती!"

माझ्या ओरडण्याने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. व्हरांड्याच्या टोकाला वळून आम्ही परत येत होतो तेव्हा मी त्यांना खेळ सांगितला. त्या एकोणसाठ, एकसष्ट, सदुसष्ट ऐकत राहिल्या. "चांगलं आहे," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "पण शाळेतली कविता आठवावी तसं नुसतं पाठही असू शकतं. लगेच आशा धरू नका."

बाई खरं बोलत होत्या आणि मला त्यांचा भयंकर राग आला.

एक्क्याण्णवला मी ओठ घट्ट मिटून घेतले. आई न बोलता पुढे गेली. सत्त्याण्णव. एकशे एक. एकशे तीन. एकशे सात, एकशे नऊ, एकशे तेरा.

आणि मग काही नाही. एकशे चौदा, पंधरा, सोळा, मी मनात मोजत होते. आई पाय ओढत होती, ओठ हलत नव्हते. सतरा. अठरा. पाठ होतं तेवढं संपलं, असंच मला वाटलं. तिला जरा आधार द्यावा म्हणून पुढच्या पावलाला मीच म्हणाले, "एकशे एकोणीस ना, आई?"

आई थांबली. वॉकर टेकवून तिने हळूहळू मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. एक्क्याण्णवला बघायची, अगदी तशीच.

"सतरा साते?" ती म्हणाली.

मी दचकून हिशेब केला. सतरा साते एकशे एकोणीस. बाई तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. "हे पाठ नाहीये," त्या म्हणाल्या. "हे मात्र पाठ नाही!"

आई आमच्यासाठी थांबली नाही. ती मुकाट्याने आणखी आठ पावलं चालली, कारण मध्ये कुणीच नव्हतं.

"एकशे सत्तावीस," ती म्हणाली आणि दम खात उभी राहिली. मी रडत होते, हसत होते, नाक पुसायला हात मोकळा नव्हता. आईने माझ्या हाताकडे बघितलं.

"चुकलीस," ती म्हणाली. "पिशवी तुझ्याकडेच."