कार्निव्हलच्या आदल्या दिवशीचं पिवळं सलाईन

मी एक जुना सलाईनचा स्टँड आहे. मला पाच चाकं आहेत, त्यांतली चार फिरतात. वर दोन आकडे, दांड्यावर पांढऱ्या रंगाचे तीन थर.

मित्रांनो, बारान्किया शहरातल्या एका इस्पितळात मी कामाला लागलो. जुलाबाने सुकलेली मुलं माझ्याखाली निजवत. पिशवी संपत आली की मुलांच्या अंगात रडण्याइतकं त्राण येई, आणि ते रडणं ऐकून त्यांच्या आया हसत. पुढे एक चाक अडकलं आणि मी भंगारात गेलो. तिथून नर्स देयानिराने मला आपल्या ओसरीवर आणलं.

इथे धडधाकट माणसं तरतरी यावी म्हणून जीवनसत्त्वांचं पिवळं सलाईन घेतात. त्यातलं बरंचसं लघवीवाटे निघून जातं. पण तासभर पाय पसरून बसल्यानेही माणसाला बरं वाटतं, हे मी पाहिलं आहे.

कार्निव्हलच्या आदल्या दिवशी नाचणाऱ्या बायकांचा अख्खा ताफा येतो. यंदा निकोलासाबाई, इथल्या भाषेत दोन्या निकोलासा, खुर्चीत बसल्या त्या धापा टाकतच.

"माझं चांगलं पिवळंजर्द कर ग. उद्या पहिल्या रांगेत नाचायचंय."

"मागच्यांनी आयुष्यभर तुझी पाठच बघायची का?" त्यांची नणंद एलोदिया म्हणाली. सगळ्या हसल्या.

सुई लावून देयानिरा दुसरी पिशवी आणायला आत गेली. रांग मोठी होती. एलोदियाने नेहमीसारखी नळीवरची चकती सैल केली. "थेंब थेंब काय? घागऱ्याला झालर लावायचीय अजून!"

थेंबांची धार झाली. थोड्या वेळाने दोन्या निकोलासांना खोकला आला, तो थांबेना. देयानिरा धावत आली. तिने चकती आवळली, त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला. तिथे पडलेला खळगा तसाच राहिला.

"पाय कधीपासून सुजलेत?"

"नाचून सुजतात ग."

"नाच तर उद्या आहे! रात्री झोपता कशा?"

"खुर्चीत... बसून."

"हे मी आधी विचारायला हवं होतं. तुमच्या हृदयाला आहे तेच पाणी झेपत नाहीये." तिने सुई काढली. "गाडी बोलवा. इस्पितळात न्यायचंय."

"आणि माझी जागा?"

एलोदियाने त्यांना हात देऊन उठवलं. मग ती म्हणाली, "मोकळी ठेवून नाचू. तू आधी गाडीत बस, हट्टी!"

मित्रांनो, मी फक्त पिशवी उचलून धरतो. ती कोणाला तारेल आणि कोणाला बुडवेल, हे मला कळत नाही. म्हणून ती टांगण्याआधी माणसाकडे नीट पाहा, त्याला दोन प्रश्न विचारा.

दुसऱ्या दिवशी ओसरीवरच्या टीव्हीत मिरवणूक दिसत होती. पहिल्या रांगेत एक जागा मोकळी होती. तेवढ्यात इस्पितळातून फोन आला. दोन्या निकोलासांना अंगात साठलेलं पाणी उतरवायला लघवी होण्याचं औषध दिलं होतं. रात्री त्या आडव्या झोपल्या होत्या. सकाळी त्यांचं वजन केलं. ते दोन किलो तीनशे ग्रॅमने उतरलं होतं.