वहिनीची पट्टी मोडली

वहिनीच्या डोक्यात एकदा काही आलं की घरातल्यांनी मुकाट्याने वाटेतून बाजूला व्हायचं, अशी पद्धतच पडून गेली होती. ती ज्या कारखान्यात शर्टांना बटणं लावायची तो बंद पडला. घरी परतताना प्रशिक्षण केंद्राच्या फाटकावर वेल्डिंगच्या वर्गाची पाटी दिसली, आणि घरात पाऊल टाकताच ती नणंदेला म्हणाली, "आपल्या दोघींचं नाव घातलंय."

नणंदेच्या हातातली सुरी थांबली. तिला सगळे चिमणी म्हणत. आवाज तेवढाच आणि धिटाईही तेवढीच. "वहिनी, मला काडी ओढतानासुद्धा भीती वाटते गं!"

"मग बरंच झालं. आता भ्यायचं तर कुठल्यातरी मोठ्या गोष्टीला भी."

वहिनीचा नवरा, म्हणजे चिमणीचा थोरला भाऊ, एवढंच म्हणाला, "नेतेस तशी आख्खी परत आण म्हणजे झालं."

पहिल्या दिवशी चिमणीचा रॉड लोखंडाला चिकटला आणि ती किंचाळून दोन हात मागे गेली. वहिनीने मात्र पहिल्याच झटक्यात ठिणगी धरली. "हात धीट आहे," मास्तर म्हणाले. बस, तेवढ्याने वहिनीला आभाळ ठेंगणं झालं. पुढे तिच्या दोन लोखंडी पट्ट्या जोडून व्हायच्या, तरी चिमणी आपली पहिल्याच पट्टीवर हातोडी घेऊन टकटक करत बसलेली असायची. जोडाचा प्रत्येक थर घातला की त्यावर काळी, काचेसारखी खपली धरते. ती काढल्याशिवाय वरचा थर घालायचा नसतो.

"अगं, लोखंड जोडायला आलीस की भांडी घासायला?" वहिनी हसायची. स्वतः मात्र ती दोन-चार ठोके मारून पुढे सरकायची.

परीक्षेत जोडलेली पट्टी यंत्रात घालून घोड्याच्या नालेसारखी वाकवायची होती. चिमणीची पट्टी निमूट वाकली. वहिनीची अर्ध्यात आली आणि काडकन मोडली. मास्तरांनी तुकडा तिच्यापुढे धरला. आत कडेने खपलीची काळी रेघ अडकली होती.

"वरून तर किती छान दिसत होती," वहिनी पुटपुटली.

"हात धीट आहे तुझा, बाई. पण त्याला धीर नाही."

मास्तरांच्या शब्दावर चिमणीला पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या शेडमध्ये काम मिळालं. त्या दिवशी घरी जाताना वहिनी चिमणीच्या चार पावलं पुढेच चालत होती. तिला हेवा वाटत होता आणि हेवा वाटतोय याचा संताप येत होता. पण पोटात ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. कोपऱ्यावर वळताना ती म्हणाली, "चिमणे, मी जळतेय तुझ्यावर."

"जळ की," चिमणी म्हणाली. "पण उद्या लवकर ऊठ. मास्तरांना विचारून ठेवलंय मी. कामावर जायच्या आधी तुझ्याकडून सराव करून घेते."

"तू? माझ्याकडून?"

"मग काय दादाकडून?"

दुसऱ्या सकाळपासून चिमणी तिच्या डोक्यावर उभी. वहिनीने रॉड उचलला की म्हणायची, "थांब. कोपरा राहिला."

"झाला साफ!"

"मला काळं दिसतंय."

वहिनी दात-ओठ खायची, पुन्हा ठोकायची, पुन्हा ब्रश मारायची. हळूहळू तिलाच ते काळं आधी दिसू लागलं, आणि एके सकाळी तर चिमणीने तोंड उघडण्याआधी तीच म्हणाली, "बोलू नकोस, दिसलंय." दुसऱ्या परीक्षेत तिची पट्टी वाकली. मास्तरांनी वाकावरून अंगठा फिरवला आणि दाखल्यावर सही केली.

टाक्यांच्या शेडमध्ये आणखी जागा नव्हती. वहिनीला त्याचं काही वाटलं नाही. दिवसभर एका छपराखाली बसणं तिच्या जिवावरच आलं असतं. गावाबाहेर एका गोदामाच्या छताचा सांगाडा उभा राहत होता. ती दाखला घेऊन थेट तिथल्या मुकादमापुढे उभी राहिली.

त्याने आधी दाखल्याकडे, मग तिच्याकडे, मग वर छताकडे पाहिलं. "उंचीची भीती वाटते?"

"अजून पडले नाही, त्यामुळे सांगता येत नाही."

तो हसला आणि त्याने उंचीवर बांधायचा सुरक्षेचा पट्टा दिला. तिने तो कंबरेला आवळला, दोनदा ओढून पाहिला आणि परांचीवर चढली. वर वारा होता, खाली माणसं भातुकलीतल्यासारखी दिसत होती, आणि तिला मनापासून मजा वाटली. जोड डोक्यावरचा होता. तिने पहिला थर घातला, तोंडावरची काळी काच वर केली आणि हातोडी काढली. सावकाश टकटक केली, ब्रश मारला, मान वाकडी करून कडा पाहिल्या, मगच दुसरा रॉड लावला.

मुकादम शिडीने वर आला. टॉर्च मारून त्याने जोड या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला.

"कधीपासून येतेस?"

"आलेच आहे की," वहिनी म्हणाली. "पुढचा जोड कुठला ते सांगा."