वर जाण्याआधीचा फोटो

पलटणीत माणसाने छंद बाळगू नये. बाळगलाच तर साहेबांना कळू देऊ नये. माझ्या कॅमेऱ्याचं त्यांना कळलं आणि मी हक्काचा, फुकटचा फोटोग्राफर झालो. साहेबांच्या बाईंनी फीत कापली, काढ फोटो. साहेबांच्या कुत्र्याला बक्षीस मिळालं, काढ फोटो. महिन्यातून मिळणारा एक मोकळा रविवार त्या कुत्र्याला "इकडे बघ, इकडे बघ" म्हणण्यात गेला. आणि वर हेच साहेब सुनावणार, "तुझं ड्यूटीत लक्ष नसतं."

माझं स्वतःचं असं एकच काम होतं. डोंगरावरच्या ठाण्यावर तुकडी चढायची, त्याच्या आदल्या दिवशी जवान माझ्याकडे यायचे. कोठाराच्या मागच्या भिंतीवर मी करडं ब्लँकेट ठोकलं होतं, मागचं काही दिसू नये म्हणून. त्यापुढे एकेक जण बसायचा. ओळखपत्रावरच्या फोटोत आम्ही सगळे नुकत्याच धरलेल्या चोरासारखे दिसतो. घरच्यांच्या हाती तेवढाच राहू नये, एवढंच. तसं कुणी बोलून दाखवत नसे. फोटो आधी घरी पाठवायचा नाही, अपशकुन नको. माणूस धडधाकट खाली उतरला की त्याच्यासमोर मी तो पुसायचो, मग दोघं चहा प्यायचो.

यंदा माझा जिवलग वर निघाला. तो वायरलेसवर असायचा. सगळे त्याला भोंगा म्हणत, कारण त्याच्या आवाजाला वायरलेसची गरजच नव्हती.

"नाक नीट घे," तो म्हणाला. "बायको नाकावरच भाळली होती."

"दुसरं काही दिसलंच नसेल बिचारीला. सगळं त्याच्याआड झाकलंय."

तो हसला आणि मी बटण दाबलं. इतका चांगला फोटो मी पुन्हा काढला नाही.

तुकडी वर गेल्यावर चौथ्या दिवशी तपासणीच्या हवालदाराने कॅमेरा मागितला. सगळे फोटो पाहून तो म्हणाला, "या स्वयंपाक्याच्या फोटोत ब्लँकेट सरकलंय. कडेला टॉवरचा पाय दिसतो, तळावरचं काही फोटोत चालत नाही. एवढा काढून टाक."

त्याचं चुकलं नव्हतं, हे आज म्हणतोय. तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांच्या कुत्र्यामागे अख्खा टॉवर उभा होता आणि तो फोटो ऑफिसात फ्रेम करून लावलाय. त्याला कुणाची हरकत नव्हती.

"एवढाच कशाला?" मी म्हणालो. "आमचे सगळेच धोक्याचे." आणि त्याच्या डोळ्यांदेखत अख्खं कार्ड कोरं करून टाकलं.

"अरे, मी एकच म्हटलं होतं."

त्याचा चेहरा पडलेला बघून मला बरं वाटलं. पुढचे दोन दिवस मी छाती काढून फिरत होतो.

आठव्या दिवशी ठाण्यावर दरड कोसळली. बाकीचे खरचटण्यावर निभावले. भोंगा गेला.

संध्याकाळी हवालदारच माझ्याकडे आला. "कुठे दुसरी कॉपी लपवली असशील तर दे," तो हळूच म्हणाला. "मी काही विचारणार नाही." मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडायला तोंड कुठे होतं?

पंधरा दिवसांनी वहिनींचा, म्हणजे भोंग्याच्या बायकोचा, फोन आला.

"भावजी, ऑफिसने ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून पाठवलाय. सासूबाई तो भिंतीला लावू देत नाहीत. हा माझा मुलगा नव्हेच म्हणतात. यांनी वर जाताना सांगितलं होतं, भावजींनी मस्त फोटो काढलाय म्हणून. तो पाठवाल?"

थाप जिभेवर तयार होती. हवालदाराने पुसायला लावला, नियमच आहे तसा. पलटणीत नियमाच्या नावावर काहीही खपतं.

"मी पुसला, वहिनी," मी म्हणालो. "मीच."

"का?"

"राग आला होता."

"यांचा?"

"नाही हो. साहेबांचा."

"मग यांचा फोटो का पुसलात?"

त्या भांडल्या असत्या तर मीही भांडलो असतो, तेवढं मला चांगलं येतं. त्या फक्त उत्तराची वाट बघत होत्या.