तेजश्रीची मुलाखत आणि माझी वीस मिनिटे

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. लेक डॉक्टर होणार म्हणून निरवांगीच्या रावजी गुरुजींनी मला बारामतीच्या दुकानातून आणले. तेव्हा माझी काय ऐट! हळदकुंकू लागले, पेढे वाटले. तेजश्री डॉक्टर झाली, मग तिचे मोबाईलवर भागू लागले आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. बिजागरी खिळखिळी झाली, बॅटरी वीस मिनिटांवर आली.

यंदा मला पुन्हा खाली काढले. तेजश्रीला पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत जायचे होते. तिथे हे शिक्षण रुग्णालयातच होते, म्हणून शंभरावर रुग्णालयांना अर्ज केले; मुलाखतीचे बोलावणे आले एकाच ठिकाणाहून. मुलाखतही माझ्याच पडद्यावर. तेव्हापासून मला एकच धास्ती. ऐन वेळी मीच दगा दिला तर?

रोज ती माझ्यासमोर उत्तरे म्हणे आणि मी ती टिपून तिला ऐकवी. अमेरिकेत गेलेली तिची मैत्रीण प्रगती माझ्या पडद्यावरून सराव घेई. एकदा ती वैतागली. "तेजू, सारखं 'वुई, वुई' काय? तू काय केलंस ते सांग की!"

आई कौसल्याबाई चुलीपासून म्हणाल्या, "मी मी करू न्हाय माणसानं. आमी म्हणावं. तसंच वळण लावलंय तिला."

पण एका उत्तरातले 'आम्ही' मला खटकायचे. चुकीबद्दल विचारले की ती सांगे: ऊसतोडीची एक बाई पोटात दुखते म्हणून दवाखान्यात आली, तिला मण्यार चावली होती, आमच्या लक्षात उशिरा आले, पण ती वाचली. हे सांगताना तिची नजर दर वेळी खाली जाई.

मुलाखत संध्याकाळी साडेसहाला, अर्ध्या तासाची. दहाव्या मिनिटाला लाईट गेली. गुरुजींनी घाईघाईने मोबाईलचा उजेड धरला. माझे आकडे भराभर उतरू लागले. मी तर देव पाण्यात घालून बसलो होतो.

पडद्यावरच्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारले, "तुमची एखादी चूक सांगा."

"वुई..." तेजश्री अडखळली. मग तिने नजर वर केली आणि इंग्रजीत सांगितले, "मी. मी तिला गोळी देऊन परत पाठवलं. अंगावर दंशाची खूण नव्हती. मण्यार झोपेत चावते हे मला माहीत होतं, तरी ती जमिनीवर झोपली होती का, हे मी विचारलंच नाही. दुपारी तिला परत आणलं तेव्हा तिच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या; ते विषामुळे, हे राजेश्वरी सिस्टरनी ओळखलं. मी नाही."

गुरुजींनाही हे ठाऊक नव्हते.

बाईंनी काहीतरी लिहून घेतले. चेहऱ्यावरून काही कळेना. आणखी दोन-तीन प्रश्न झाले. निरोप होईपर्यंत मी कसाबसा तग धरला आणि मग माझा पडदा काळा झाला.

गुरुजींनी सगळे मराठीत सांगितल्यावर अंधारात कौसल्याबाईंनी विचारले, "ती बाई बरी हाय न्हवं आता?"

"हाय," तेजश्री म्हणाली, "पण माझ्यामुळं न्हाय, आई." आणि ती इतक्या दिवसांचे सगळे रडू रडली.

निकाल मार्चमध्ये लागेल. धाकधूक अजून आहेच. मित्रांनो, जुन्या यंत्रांना कपाटावर टाकू नका, अधूनमधून चार्ज करत जा. आणि कोणी कण्हत तुमच्या दारी आले, तर त्याला परत पाठवण्याआधी आणखी एक प्रश्न विचारा.