चार नंबरची काच

तारघराला आग लागली तेव्हा अख्खी गल्ली बादल्या घेऊन एकदिलाने धावली, आणि आग विझायच्या आत गल्लीत दोन तट पडलेही होते. दीडशे वर्षांची दगडी इमारत. छप्पर गेलं, मजले गेले, खिडक्यांच्या जागी काळी भोकं उरली, पण चारही भिंती उभ्या राहिल्या. त्या भिंतींचं आता करायचं काय, यावरून जे जुंपलं ते जुंपलंच. निवृत्त हेडमास्तरांनी ‘तारघर वाचवा’ अशी समिती काढली. समोरच्या बेकरीवाल्याने ‘आधी माणसं वाचवा’ असा फलक दुकानावर टांगला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ तिसऱ्याचाच जळाला होता, आणि पीळ मात्र या दोघांना पडला.

भांडायला विषयांचा तोटा नव्हता. काजळी उडून कुणाच्या चादरी काळ्या झाल्या, पडलेला दगड कुणी गुपचूप आपल्या पायरीला लावला, आग मुळात बेकरीच्या धुराड्यामुळे लागली की समितीच्या चिटणिसाने फेकलेल्या सिगारेटमुळे. दोघं एकमेकांच्या दारासमोरून जायचंसुद्धा टाळत, आणि त्यासाठी हेडमास्तर रोज पाव आणायला दोन गल्ल्या पलीकडे चालत जात. पाव तिथला शिळा असायचा.

शेवटी नगरपालिकेचा इंजिनिअर आला. पूर्वेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. त्याने सांगितलं, या तड्यावर काचपट्ट्या बसवा. बोटभर रुंद पातळ काच तड्यावर आडवी धरून तिची दोन्ही टोकं प्लास्टरमध्ये पक्की करायची आणि वाट पाहायची. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते. नव्वद दिवस सगळ्या काचा शाबूत राहिल्या तर भिंत ठेवू, एक जरी फुटली तर भिंत उतरवू.

आता काचा बसवायच्या कुणी आणि पाहायच्या कुणी? समितीचा माणूस बेकरीवाल्याला चालेना, बेकरीवाल्याचा समितीला चालेना. दोन्हीकडून एकाच नावाला होकार आला, तो मिस्त्रींच्या. मिस्त्री गवंड्याच्या घरात जन्मले, चाळीस वर्षं थापी चालवली, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. पासष्टीला आलेल्या माणसाला शेवटी एवढीच तर मिळकत उरते.

खरं तर त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. त्यांची धाकटी बहीण त्याच भिंतीला टेकलेल्या घरात राहत होती. टेकलेल्या म्हणजे खरोखरच टेकलेल्या. तिच्या सासऱ्यांनी घर बांधताना तीनच भिंती बांधल्या, चौथी तारघराची वापरली. सगळी गल्ली तिला तारवाली म्हणायची, कारण एकतीस वर्षं ती तारघरात नोकरीला होती. तारघराची भिंत उतरली की तिचं घर उघडं पडणार होतं, म्हणून ती समितीतही बसायची. आणि त्या घरात तिचा नवरा, मिस्त्रींचे दाजी, अर्धांगाने दोन वर्षं खाटेवर पडून होते. डावी बाजू गेलेली, वाचा गेलेली, उजवा हात तेवढा चालायचा.

“दादा, तूच बस या कामाला,” धाकटी म्हणाली होती. “तू खरं ते सांगशील.”

मिस्त्री बसले. सात काचा बसवल्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने नंबर आणि तारीख घातली. वडिलांची एक रीत होती: काच बसली की दोन्ही टोकांच्या ओल्या प्लास्टरवर अंगठा दाबायचा. त्याने प्लास्टर काचेच्या कडेला घट्ट धरतं. बाकीचे गवंडी थापीची पाठ फिरवून मोकळे व्हायचे, वडील अंगठा दाबायचे आणि पोरांनाही दाबायला लावायचे. मिस्त्रींच्या अंगठ्यावर आडवा व्रण होता, तरुणपणी छिन्नी निसटली तेव्हाचा. तो व्रण सातही काचांच्या टोकांवर उमटला.

दर शनिवारी मिस्त्री काचा पाहायचे. सहा काचा शिडीवरून हाताला लागत. चौथी उंच होती, धाकटीच्या गच्चीवरूनच तिच्यापर्यंत हात पोचायचा. सुरुवातीला ते गच्चीवर चढले. मग गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा खालूनच विचारायला लागले, आणि धाकटी गच्चीच्या कठड्यावरून वाकून सांगायची, “शाबूत आहे रे.” मिस्त्री वहीत चार नंबरपुढे बरोबरची खूण करायचे.

खुणा अशा वाढत गेल्या, आणि त्यांच्याबरोबर दुसरंही काहीतरी वाढत गेलं. दुसऱ्या महिन्यात धाकटीचं पुढचं दार घासायला लागलं. तिने सुताराकडून ते तासून घेतलं. पंधरा दिवसांत पुन्हा घासायला लागलं, पुन्हा तासलं. “लाकूड फुगलं असेल,” ती म्हणाली. मिस्त्रींनी एकदा ओळंबा लावून पाहिला. वरच्या बाजूला भिंत अंगठाभर बाहेर आल्यासारखी वाटली. त्यांनी दोरी सोडली, पुन्हा धरली, चष्मा पुसला. काचा तर सगळ्या शाबूत होत्या. म्हातारपणी डोळे दगा देतात, काच देत नाही, असं म्हणून त्यांनी ओळंबा पिशवीत टाकला. हाताच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, आणि मिस्त्री नेमके काकण सोडून आरशात बघत बसले होते.

शेवटच्या पंधरवड्यात दाजींनी एक नवंच सुरू केलं. त्यांची खाट त्या चौथ्या भिंतीलाच लागून होती. ते चालता हात भिंतीवर आपटायचे. सकाळी, दुपारी, जेवताना. टक, टक, टक. धाकटीने पाणी दिलं, पांघरूण दिलं, उशी बदलली. हात थांबेना. “चिडखोर झालेत हल्ली,” ती म्हणायची, आणि मग तिलाच वाईट वाटून ती त्यांच्या कपाळावरून हात फिरवायची. मिस्त्रींना तो आवाज आवडत नव्हता. घरी जेवतानाही तो त्यांच्या कानात यायचा.

नव्वदावा दिवस उजाडला. इंजिनिअर अकराला येणार होता. कागदावर छापलं होतं की सातही काचा हाताने तपासल्या आहेत, आणि खाली मिस्त्रींची सही हवी होती. भिंतीच्या पायथ्याशी गल्लीत टेबल मांडलं होतं. टेबल बेकरीवाल्याचं, त्यावरचे कागद हेडमास्तरांचे, त्यामुळे टेबलावर कोपर कुणी ठेवायचं यावरून दहा वाजताच एक फेरी झडून गेली होती. निम्मी गल्ली तमाशा पाहायला हजर होती. मिस्त्रींनी सहा काचा शिडीवरून तपासल्या. मग छापील शब्दाला जागायचं म्हणून गुडघा धरत धाकटीच्या गच्चीवर चढले.

चौथी काच अखंड होती. नंबर होता, तारीख होती. मिस्त्रींनी सवयीने प्लास्टरच्या टोकावरून बोट फिरवलं. अंगठ्याचा ठसा होता. व्रण नव्हता.

त्यांनी दुसरं टोक पाहिलं. तिथेही ठसा. लहान, गोल आणि अखंड. परक्या कुणी काच बदलली असती तर प्लास्टर फासून मोकळा झाला असता. ओल्या प्लास्टरवर अंगठा दाबणारी माणसं जगात दोनच उरली होती, आणि दोघंही एका बापाची होती. लहानपणी प्लास्टर कालवायला धाकटीच बसायची.

धाकटी मागे जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तिने त्यांचं बोट कुठे थांबलं ते पाहिलं होतं.

“कितीदा?” मिस्त्रींनी विचारलं.

“तीनदा.” ती जवळ आली. “दादा, तो बेकरीवाला फोडतो रे. गच्चीवर दगड सापडला होता मला. वाटलं, त्याच्या खोडसाळपणापायी माझं घर का जाऊ द्यायचं? म्हणून नवी बसवली.”

“दगड किती वेळा सापडला?”

धाकटीने कठड्यावरची धूळ हाताने पुसली.

“किती वेळा, धाकटे?”

“एकदाच. आणि तो... तो भिंतीचाच होता बहुतेक.” एवढं म्हणून झाल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं.

खालून दाजींचा हात ऐकू येत होता. टक, टक. आणि मग दोघांच्या डोळ्यांदेखत, कुणी हात लावला नाही, वारा नाही, काही नाही, चौथी काच मधोमध तडकली. आवाज इतका बारीक आला की एरवी कुणाच्या लक्षातही आला नसता.

उतरताना मिस्त्रींचे गुडघे जिन्यावर दुखले नाहीत. त्यांनी खाली येऊन कुणाला काही समजावलं नाही, नुसतं, “आधी दाजींना बाहेर काढा,” म्हटलं. बेकरीतली दोन माणसं आणि समितीचा चिटणीस, तिघं आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूने वाकले, मिस्त्रींनी चौथा कोपरा धरला, आणि खाट दाजींसकट चौकात आणून ठेवली. बाकीचे लोकही मागे सरकले. धाकटी खाटेजवळ उभी राहिली. मिस्त्रींनी तिचं मनगट धरलं होतं.

“भिंत हलतेय,” मिस्त्री म्हणाले. “चार नंबरची काच आता माझ्यासमोर तडकली. कुणी तिकडे जाऊ नका.”

“आजच बरी तडकली?” हेडमास्तर म्हणाले. “सही करायच्या पाच मिनिटं आधी? मिस्त्री, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. किती पाव मिळाले?”

“माझ्या पावाचं नाव काढू नका,” बेकरीवाला म्हणाला. “तीन महिने मी ओरडतोय, तेव्हा वेड्यात काढलंत.”

पाच मिनिटं झाली, दहा झाली. भिंत उभीच होती. लोक कुजबुजायला लागले, दोघंतिघं हसलेही. धाकटी मनगट सोडवू पाहत होती. “दादा, सोड. यांची औषधं आत राहिलीत. एका मिनिटात येते.” मिस्त्रींनी पकड सैल केली नाही.

तेवढ्यात हेडमास्तर तरातरा गल्लीत शिरले. टेबलावर समितीचे कागद होते, नव्वद दिवसांची वही होती, ती बेकरीवाल्याच्या हाती लागू द्यायची नव्हती. त्यांना जाताना पाहून बेकरीवालाही धावला, कारण टेबल त्याचं होतं. भिंतीच्या पायथ्याशी दोघांनी टेबलाची दोन टोकं धरली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मिस्त्रींनी हाका मारल्या. एकाही हाकेला त्या दोघांच्या आवाजात जागा नव्हती. मिस्त्रींना रडू आलं, संतापाने. दोन शहाणीसुरती माणसं टेबलापायी मरणार होती, आणि त्यांचं कुणी ऐकत नव्हतं.

धाकटीने भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्या टेबलाकडे.

“काच मी बसवली,” ती ओरडली. एवढ्या मोठ्याने तिला गल्लीने कधी ऐकलं नव्हतं. “हेडमास्तर, ऐकताय का? चौथी काच तीनदा फुटली. तीनदा मी नवी बसवली आणि जुनी तारीख घातली. तुमची वही खोटी आहे. सगळी खोटी आहे.”

हेडमास्तरांच्या हातातून टेबलाचं टोक सुटलं. वही तशीच टाकून ते तिच्याकडे निघाले, बोट रोखून. “बाई, तुम्ही? समितीत बसून तुम्ही?” आणि बेकरीवाला असा क्षण सोडणार थोडाच. टेबल विसरून तो त्यांच्या मागोमाग आला. “ऐका, सगळ्यांनी ऐका, यांच्याच घरचा आहेर.” एक रागाने आणि एक आनंदाने, दोघं चालत चौकापर्यंत आले.

आवाज नंतर आला. आधी भिंतीच्या पोटातून धूळ निघाली, मग वरचा निम्मा भाग सावकाश पुढे वाकला, आणि टेबल, शिडी, धाकटीची गच्ची, सगळं त्याच्याखाली गेलं.

धूळ बसायला बराच वेळ लागला. धाकटीच्या घराच्या उरलेल्या तीन भिंती दिसायला लागल्या, एकीवर स्वयंपाकघराची फळी आणि फळीवरचे डबे जागच्या जागी. हेडमास्तर रस्त्यावरच बसले होते. त्यांचं बोट अजून रोखलेलंच होतं, पण समोर कुणी नव्हतं. बेकरीवाल्याने त्यांच्या शेजारी बसून त्यांचा हात खाली घेतला.

धाकटी खाटेपाशी बसली. दाजी तिच्याकडे पाहत होते. पंधरा दिवस भिंतीवर आपटून भिंत हलतेय एवढंच सांगू पाहणारा त्यांचा हात पांघरुणावर शांत पडला होता. तिने तो उचलून आपल्या गालाला लावला, आणि मगच तिला रडू फुटलं.