ओटीवरचे पाय

कमळ गावातल्या माणसांना पायांवरून ओळखायची. नऊ वर्षं ती कमरेतून अशी पुढे झुकली होती, की समोरच्याचं तोंड बघायचं तर भिंतीला हात लावून, गुडघे मोडून, मान वर काढावी लागे. तेवढा खटाटोप कोण करतंय? त्यापेक्षा पाय बरे. शेजारच्या कोकिळाच्या अंगठ्याचं काळं नख, ट्रक चालवून सुजलेले मुलाचे, अल्पेशचे पाय. उमेदीची सगळी वर्षं तिने खाडीकाठच्या मिठागरात डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या होत्या. पाठ त्यानेच गेली, असं ती सांगायची.

दुपारी सून हेमाली अंगणवाडीत आणि अल्पेश गाडीवर गेला, की नवरा वारल्यापासून घरात कमळ एकटीच असे. त्या वेळी ओटीवर रंगू यायची. मिठागरातली तिची जोडीदारीण. उजव्या पायाला करंगळी नव्हती, टाचा मिठाने फुटून पांढऱ्या पडलेल्या. ती बसायची नाही, उभ्या उभ्याच ऐकायची. कमळ एकटी बडबडत राही आणि रंगू मधूनच "व्हय" म्हणे. मान वर करून तिचं तोंड बघावं, असं कमळला कधी वाटलं नाही.

बासष्टाव्या वर्षी चार पावलं टाकणंही जमेना, तेव्हा अल्पेशने तिला नवी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. ऑपरेशन दहा तास चाललं. खांद्याच्या खालपासून कमरेच्या हाडापर्यंत दोन सळ्या आणि वीस स्क्रू बसले. आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी तिला दोन फोटो दाखवले, आधीचा आणि नंतरचा. मानेच्या शेवटच्या मणक्यापासून सरळ खाली रेघ मारलेली होती.

"ही रेघ आधी माकडहाडाच्या वीतभर पुढे पडत होती, मावशी. आता बघा. डोकं बरोबर कमरेवर आलंय."

कमळने मान हलवली. तिचं लक्ष फोटोकडे नव्हतं. पलंगापाशी अल्पेश उभा होता आणि त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. कधी झाल्या, तिला ठाऊकच नव्हतं.

घरी पाठवताना बजावून सांगितलं होतं: वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, पडलेलं उचलायला लांब चिमटा वापरायचा. वाकायचं म्हटलं तरी जमणार नव्हतं. पाठ आता फळीसारखी एकसंध होती. खुर्चीत बसलं की समोरचा रस्ता, नारळीचे शेंडे, त्यापलीकडे खाडीचं चकचकीत पाणी, सगळं दिसे. स्वतःचे गुडघे मात्र दिसत नसत.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारी, ओटीवर ओल्या पायांची चपचप ऐकू आली. मिठागरातल्या गढूळ पाण्याचा वास आला.

"आलीस?" कमळ म्हणाली. "बघ, ताठ झाले मी. आता तुझं तोंड दिसंल."

"व्हय," अगदी जवळून उत्तर आलं.

कमळने समोर बघितलं. रस्ता होता, नारळी होत्या. उभ्या माणसाचं तोंड जिथे असायला हवं, तिथे काही नव्हतं. रंगू खाली बसली असेल म्हणून तिने मान शक्य तितकी वाकवली. छातीखालचं काही दिसेना. चपचप तिच्या खुर्चीभोवती एकदा फिरली आणि थांबली.

संध्याकाळी तिने हेमालीला विचारलं, "रंगू हल्ली बरी हाय ना गं? फार वाळली का?"

हेमालीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "आई, रंगूमावशी माणगावला लेकीकडे गेल्या होत्या, तिथेच वारल्या. सात वर्षं झाली. बाबा गेले तोच महिना. तुम्ही जेवत नव्हता, म्हणून तेव्हा सांगितलं नाही. मग तुम्ही कधी नाव काढलं नाही, आम्हीही राहू दिलं."

"ती रोज येते ओटीवर."

हेमालीने तांब्या खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "लादीवर रोज पांढरे डाग असतात. पुसले की हाताला मीठ लागतं. मला वाटायचं, तुम्हीच कुठून पाय भरवून येता."

त्यानंतर दुपारी कमळची खुर्ची आतल्या खोलीत असे आणि दार लावलेलं असे. चपचप दारापर्यंत यायची. कमळ काही बोलायची नाही. हेमाली डाग पुसायची.

पाचव्या महिन्यात कमळच्या लक्षात आलं, की नारळीचे शेंडे दिसेनासे झालेत. मग खाडी गेली. आधी तिला उंबरठा दिसू लागला, मग स्वतःचे गुडघे. मानेच्या खाली, जिथे सळ्या संपत होत्या, तिथे ठणका लागला. इस्पितळात पुन्हा फोटो काढला. डॉक्टरीणबाई तो बराच वेळ बघत होत्या.

"सळ्या जागच्या जागी आहेत. त्यांच्या वरचा मणका दबलाय, म्हणून डोकं पुढे चाललंय. हाड ठिसूळ असलं की असं होऊ शकतं, ऑपरेशनआधी बोललो होतो आपण. आता सळ्या मानेपर्यंत वाढवाव्या लागतील. नाहीतर आणखी झुकेल."

"किती झुकलं की पाय दिसतात?" कमळने विचारलं.

"तुमचे पाय? ते नीट दिसायला लागले, तर फार उशीर झालेला असेल, मावशी."

ऑपरेशनचा दिवस ठरला. आदल्या दिवशी दुपारी कमळने खुर्ची स्वतः ढकलत ओटीवर आणली आणि बसून राहिली. चपचप आली. या वेळी पाय दिसले. पांढऱ्या टाचा, उजव्या पायाला करंगळी नाही. पोटऱ्यांपर्यंत दिसले. त्याच्या वर तिला बघायचं नव्हतं.

"तू मेलीस म्हणतात."

"व्हय."

"मग माझ्याकडंच का येतीस गं? तुला लेक हाय, नातवंडं हायत."

रंगू एक पाऊल पुढे आली. मग म्हणाली, "समदी वर बघून चालतात. खाली तूच बघायचीस."

कमळला भीती वाटायची थांबली, असं नाही. पण तिला रडू आलं. पाटी डोक्यावर देताना ही बाई नेहमी कमळच्या पाटीतलं मूठभर मीठ स्वतःच्या पाटीत घ्यायची, हे तिला आठवलं. "उद्या मला परत ताठ करतायत," ती म्हणाली. "मग तू दिसायची न्हायस."

पाय हलले नाहीत. ऊन ओटीवरून उतरेपर्यंत ते तिथेच होते.

दुसरं ऑपरेशनही पार पडलं. रेघ पुन्हा जागेवर आली आणि पुढच्या दोन्ही तपासण्यांत तिथेच राहिली. डॉक्टरीणबाई खूश होत्या. कमळ आता अंगणात एकटी फिरते, नारळ मोजते, येणाऱ्या-जाणाऱ्याला नावाने हाक मारते.

दुपारी मात्र ती ओटीवर बसते. परवा हेमालीला सुट्टी होती, तीही पायरीवर भाजी निवडत बसली होती. कमळला खाऱ्या पाण्याचा वास आला. खाडीकडे बघत तिने विचारलं, "हेमाली, खाली बघ जरा. कोन हाय का?"

हेमालीने खाली बघितलं. भाजी निवडणारे तिचे हात थांबले.

"नाही आई," ती म्हणाली. "कोणी नाही."

आणि जागा द्यावी तसे तिने आपले दोन्ही पाय हळूच बाजूला घेतले.