पाय लागला तेव्हा

बस नदीखालच्या बोगद्यात शिरली तसे जाईचे हात गार पडले. दोन वर्षं ती कॅनडातल्या विंडसरहून याच बसने पलीकडे अमेरिकेत, डेट्रॉइटच्या कॉलेजात जात होती, नर्सिंगच्या असोसिएट डिग्रीसाठी, म्हणजे दोन वर्षांच्या पदवीसाठी. पण इतकी भीती तिला पहिल्या दिवशीही वाटली नव्हती. आज शेवटची परीक्षा, जखमेचं ड्रेसिंग. मागच्या आठवड्यात ती यातच नापास झाली होती. आज पुन्हा तेच झालं तर नाव कमी होणार होतं, आणि दोन वर्षं पाण्यात.

मागच्या वेळी चूक एवढीच झाली की निर्जंतुक हातमोजे घातलेल्या हाताने तिने कपाळावरचे केस मागे सारले. तिला ते कळलंही नाही.

"चूक सगळ्यांची होते," परीक्षक मिसेस नोवाक म्हणाल्या होत्या. "तुला कळलंच नाही, याची मला धास्ती वाटते."

ते वाक्य जाईच्या कानातून जाईना. आठवडाभर तिने घरी सराव केला. रुग्ण म्हणजे तिचे सासरे भाऊसाहेब. कराडच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, सध्या लेकाकडे मुक्कामाला आलेले. पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून, एक पाय स्टुलावर टाकून ते निमूट बसायचे. परीक्षक होती आठ वर्षांची ऊर्मी.

"टच! आई, यू टच्ड द चेअर! स्टार्ट ओव्हर!"

"अगं हळू," भाऊसाहेब म्हणायचे. "घाबरलेलं पोर येत असलेला पाढासुद्धा विसरतं."

"आजोबा, शी इज नॉट अ पोर."

"परीक्षेच्या दिवशी सगळी पोरंच असतात, बाळा. आणि चुकलं हे तिचं तिला म्हणू दे. मी वर्गात तेच शिकवायचो. ज्याचं चुकलं त्याने आपला हात वर करायचा."

तेव्हापासून नियम बदलला. कुठे हात लागला की 'टच' जाईनेच म्हणायचं. शेवटच्या दिवशी सगळं बिनचूक झालं. निदान तिघांनाही तसंच वाटलं.

आज हॉस्पिटलमध्ये मिस्टर हॅरिस नावाचे आजोबा खुर्चीत बसले होते. नडगीवर न भरणारी जखम, तो पाय स्टुलावर, दुसरा जमिनीवर.

"माझ्यापेक्षा तूच जास्त घाबरलेली दिसतेस," ते म्हणाले.

जाई कशीबशी हसली. तिने हात धुतले, जुनी पट्टी काढली, पुन्हा हात धुतले, निर्जंतुक कापड पसरलं, हातमोजे चढवले. मिसेस नोवाक शेजारी उभ्या होत्या. जाईचे हात चालत होते. जखम साफ झाली. आता नवी पट्टी ठेवायची, की संपलं.

तेवढ्यात दारातून कोणीतरी हाक मारली आणि मिसेस नोवाक वळल्या. जाई पट्टी घ्यायला एक पाऊल सरकली. तिचा बूट मिस्टर हॅरिस यांच्या जमिनीवरच्या पायाला लागला. ती पटकन वाकली, त्यांच्या पायाला हात लावला, तो हात आपल्या छातीला लावला आणि सरळ झाली.

आणि जागच्या जागी गोठली.

घरी आठवडाभरात हेच कितीदा झालं असेल! भाऊसाहेब "असू दे, असू दे" म्हणायचे. ऊर्मीच्याही तोंडून कधी 'टच' निघालं नाही. त्यांच्या घरात कोणाला ते दिसतच नव्हतं.

मिसेस नोवाक अजून दाराशी बोलत होत्या. त्यांनी पाहिलं नव्हतं. पट्टी हाताशी होती. ती ठेवायची आणि गप्प बसायचं. सांगितलं तर? दोनदा नापास. घरी काय तोंड दाखवायचं? समोर ती लालसर जखम उघडी होती. जमिनीजवळचं, बुटाचं, जे काही हाताला लागलं असेल, ते आता तिथेच जाणार होतं.

मिसेस नोवाक परत आल्या. "थांबलीस का?"

"माझे हातमोजे खराब झालेत. यांच्या पायाला हात लागला. मला नवीन हवेत. पट्टी, कापड, सगळंच."

"मी तर काही पाहिलं नाही."

"मी पाहिलं."

जाईने हातमोजे काढले, हात धुतले, नवं सामान मांडलं. नवे हातमोजे चढवले. पट्टी बसली.

मिस्टर हॅरिस यांना राहवेना. "माझ्या पायाला काय केलंस मघाशी?"

"तुम्हाला माझा पाय लागला होता. आमच्यात नमस्कार करतात, माफीचा."

"केली माफ. पुढच्या वेळी आधी पट्टी, मग माफी."

बाहेर आल्यावर मिसेस नोवाक म्हणाल्या, "मागच्या वेळी तुला कळलं नव्हतं. आज कळलं. पास."

जाई भिंतीला टेकून उभी राहिली. हात अजून गारच होते.

संध्याकाळी घरी पोचताच "पास झाले" म्हणत ती भाऊसाहेबांच्या पायाशी वाकली, तशी ऊर्मी सोफ्यावरून ओरडली, "टच!"

"आज चालतं," भाऊसाहेब म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "आज हातमोजे नाहीत."